लाल टोपणाची बाटली

कांदा काढायला आला की हौशीरामच्या घरात कुणाला आजारी पडायची सोय नसायची. दोन हजार चार सालातला मार्च. जुन्नर तालुक्यातल्या आळ्याच्या शिवारात, कॅनॉलच्या वरच्या अंगाला त्याचं दीड एकराचं रान होतं. कांद्यानं माना टाकल्या होत्या आणि रोज दुपार कलली की आभाळ भरून यायचं. एक सर पडली तरी उघड्यावरचा कांदा सडणार. म्हणून चार घरांनी सावड केली होती. आज ह्याच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्या. सावडीत अंग उसनं असतं, ते फेडावंच लागतं. घरातलं एक माणूस जरी कमी आलं तरी चार तोंडांचं बोलणं खावं लागतं.

नेमक्या त्याच आठवड्यात वैजयंतीचा डोळा परत उठला.

वैजयंती हौशीरामची एकुलती एक पोर. दहावीला होती, सोळावं चालू होतं. डोळ्याचं पहिल्यांदा झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. सगळ्यांना वाटलं डोळे आलेत, चार दिवसांत जातील. चार आठवडे गेले तरी लाली गेली नाही, उलट उजेडात डोळा उघडेना. नारायणगावच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही डोळ्याच्या आतली सूज आहे. का येते ते सापडत नाही. जाईल, पुन्हा येईल. आली की लगेच यायचं, उशीर केला तर नजर जाते.

तेव्हापासून तीनदा आली होती. एकदा डोळ्याच्या खाली सुई घ्यावी लागली होती. एकदा गोळ्यांनी तोंड सुजून असं गोल झालं की वर्गातल्या पोरांनी तिचं नाव भोपळा ठेवलं. ते नाव गोळ्या थांबल्यावरही वर्षभर टिकलं.

सकाळी उठल्याबरोबर वैजू एक काम करायची. त्याचा घरात कुणाला पत्ता नव्हता. डावा डोळा तळहातानं झाकायचा आणि उजव्यानं समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं. ठळक आकडे सोडून त्यांच्या खालची बारीक तिथी वाचायची. मग उजवा झाकून डाव्यानं तेच. दोन्हीकडून तिथी वाचता आली की तिचा जीव खाली बसायचा आणि ती चुलीपुढं जायची. अडीच वर्षांत एक सकाळ तिनं हे चुकवलं नव्हतं.

त्या सोमवारी उजव्या डोळ्याला तिथी दिसली नाही. आकडाही दुधात बुडवल्यासारखा दिसला. ती दोन पावलं पुढं गेली, तरी तेच. दाराकडं वळली तर उन्हाची तिरीप डोळ्यात सुईसारखी शिरली. शुक्रवारपासून डोळा दुखत होता. तरी तिनं स्वतःलाच सांगितलं होतं की जागरणानं दुखत असेल, अभ्यासानं दुखत असेल. आता काही सांगायला उरलं नाही. भिंतीला टेकून ती तशीच उभी राहिली.

“वैजे, पाणी तापलंय. आवर, बाया येतील आता,” बाहेरून आई म्हणाली.

“आले,” वैजू म्हणाली आणि ओढणी कपाळावरून खाली ओढून बाहेर पडली.

तिनं सांगितलं नाही. आज त्यांच्या रानातली सावड होती. दहावीचा पहिला पेपर अकरा दिवसांवर होता. आणि सांगितलं की पुणं, पुणं म्हटलं की ती सुई. सुई येताना दिसते, कारण डोळा उघडाच ठेवावा लागतो.

रानात बायका पाथी, म्हणजे आपापल्या ओळी, धरून बसल्या होत्या. गडी पुढं कांदा उपटत होते, बायका मागं पात कापत होत्या. कापलेल्या पातीचा वास हवेत चढला होता आणि जी ती खांद्यानं डोळे पुसत होती. वैजूला त्याचं बरं वाटलं. एवढ्या पाणावलेल्या डोळ्यांत आपला एक डोळा कोण बघतंय? ती उन्हाकडं पाठ करून बसली आणि खाली मान घालून कापत राहिली.

पण ऊन खालूनही येतं. वाळलेल्या पांढऱ्या पातीवरून उलटं येऊन डोळ्यात घुसत होतं. तिनं उजवा डोळा मिटून घेतला. एका डोळ्यानं विळ्याचं अंतर कळेना. कांदा इथं आहे म्हणून विळा ओढला तर तो पातीच्या अलीकडंच फिरला. दुसऱ्यांदा तिनं जोर केला आणि विळा डाव्या हाताच्या बोटात बसला.

“आगं आगं!” शेजारच्या पाथीवरची साळूनानी ओरडली. साळूनानी म्हणजे हौशीरामच्या चुलतभावाची बायको. सावडीतलं मोठं माणूस, तिच्या शब्दावर बाकीच्या बायका उठायच्या-बसायच्या. तिनं वैजूचं बोट धरलं, चिंधी शोधायला म्हणून तोंड वर केलं आणि थांबली.

“वैजे, इकडं बघ.”

वैजूनं बघितलं नाही.

“बघ म्हनते ना! डोळं आलंय का काय तुजं?”

“कांद्यानं झालंय नानी.”

“कांद्यानं दोनी व्हत्यात. तुजा एकच लाल झालाय, पार निखाऱ्यागत.” तिनं बोट सोडलं. हात लुगड्याला पुसला. तिच्या सुनेचं तान्हं पोर बांधावरच्या बाभळीला झोळीत निजलं होतं. “सुनंदे, आधी पोराला घे आन् पल्याडच्या झाडाखाली जा. लंके, हे काय गं? साथीचं माणूस तू सावडीत बसवलंस?”

वैजूची आई लंकाबाई तीन पाथी सोडून होती. ती उठून आली. तिनं पोरीकडं एकदाच पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तरी ती म्हणाली, “साथ न्हाई ती. तिला धूळ बाधती. म्हायती हाय की तुमाला.”

“धुळीचं आमाला नको सांगू. गेल्या सालीबी धूळच म्हनलीस. लागलं म्हंजे? घरोघर डोळं धरून बसायचं का कांदा काढायचा?”

पुढं उपटत असलेल्या हौशीरामनं हे सगळं ऐकलं. त्याचे हात थांबले. त्यानं मागं वळून मात्र बघितलं नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा कांदा उपटायला लागला.

दुपारच्या भाकरीला वैजू गोठ्याच्या सावलीत एकटी बसली. बायकांनी पाण्याची कळशी तिच्या हातून घेतली नाही. एकीनं तिला नुसतंच लांबून म्हटलं, “ऱ्हाऊ दे बाय, घेतो आमी.” भाकर तिच्या तोंडात फिरत राहिली.

आई आली, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“कवापासून?”

“आजच.”

“खरं सांग.”

“शुकरवारपासून.”

लंकाबाई खाली बसली. “आन् सांगितलं न्हाईस.” हात मात्र हनुवटीवरच राहिला. “दिसतंय का?”

“दिसतंय की.”

“कापताना बोट न्हाई दिसलं ते?”

आईनं घरात जाऊन देव्हाऱ्यामागचा पत्र्याचा डबा आणला. त्यात मागच्या खेपेच्या दोन बाटल्या होत्या, एक पांढऱ्या टोपणाची, एक लाल टोपणाची. पांढरं औषध सूज उतरवायचं. लाल टोपणाचं बाहुली मोठी करायचं. डॉक्टरीणबाईंनी दर वेळी बोट उगारून सांगितलं होतं की दोन्ही टाकायचीच, आणि ती पण आम्ही तपासल्यावर. आपल्या मनानं नाही.

“पेपर कवा संपत्यात?”

“महिना जाईल.”

लंकाबाईनं आभाळाकडं पाहिलं, रानाकडं पाहिलं. सुनेला घेऊन लांब बसलेल्या साळूनानीकडं पाहिलं. “पांढरं संपत आलंय. फाट्यावरच्या मेडिकलात मिळंल. हे घालू आत्ता. पेपर झालं की म्होरल्याच दिशी पुणं.”

तिला कळत होतं की हे बरोबर नाही. वैजूलाही कळत होतं. दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. आई रानात परत गेली.

पांढऱ्या औषधानं तीन दिवसांत लाली उतरली. साळूनानी म्हणाली, “बघ, म्हंजे धूळच व्हती,” आणि सावड पुढं चालू राहिली. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. पण लाल टोपणाचं औषध वैजू डोळ्यात घालतच नव्हती. तो थेंब पडला की बाहुली डोळ्याएवढी होते आणि पुस्तकातल्या ओळी मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसतात. आठ-आठ दिवस अक्षर लागत नाही. परीक्षा तोंडावर आलेली. आई विचारायची, “दोन्ही घातलं का गं?” ती म्हणायची, “घातलं.” बाटली रिकामी होत जावी म्हणून रोज एक थेंब ती मोरीत सोडायची.

मराठीचा पेपर बरा गेला. हिंदीच्या आदल्या संध्याकाळी दिवा लावला तर बल्बभोवती तिला कडं दिसलं, आत निळं, बाहेर तांबडं. तिनं डावा डोळा झाकला, कडं मोठं झालं. उजवा झाकला, कडं गेलं. असं आधी कधी झालं नव्हतं. तिनं दिवा घालवला आणि अंधारात बसून हिंदीचे अर्थ पाठ म्हणत राहिली. आई म्हणाली, “दिवा का गं मालवलास?” तर म्हणाली, “डास येत्यात.”

हिंदी झाला. इंग्रजीच्या दिवशी सकाळपासून उजवी भुवई ठणकत होती. केंद्रावर जाताना एसटीतला प्रत्येक धक्का डोळ्यामागं आपटत होता. प्रश्नपत्रिका हातात आली. तिनं नाव, नंबर लिहिला. पहिला प्रश्न वाचला. दुसऱ्या प्रश्नाच्या मध्यावर ओळ एकदम वर उचलली गेली, तिच्याखाली दुसरी ओळ आली. डोळ्यात कुणी आतून अंगठा दाबतंय असं दुखायला लागलं. तिनं बेंच घट्ट धरला. मग तोंडावर हात घेऊन ती उठली आणि दारापर्यंत पोचायच्या आत ओकली.

पर्यवेक्षक धावत आले. “काय झालं? उपाशी आलीस का? डोळा किती लाल आहे हा. ए, तुम्ही लांब बसा रे.” कुणीतरी पाणी आणलं. वैजू वऱ्हांड्यात भिंतीला डोकं टेकून बसली. आपण रडतोय की डोळा गळतोय तिला कळेना. तिनं डावा डोळा झाकून समोर बघितलं. मैदान नव्हतं, पोरं नव्हती, झाडं नव्हती. नुसता पांढरा उजेड होता आणि त्यात काहीतरी हलत होतं.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

तिचे वर्गशिक्षक सयाजी सर फाटकाबाहेर उभे होते. आपली पोरं पेपरला आली का ते बघायला ते रोज यायचे. त्यांनी तिला मोटरसायकलवर मागं बसवलं, तिची ओढणी तिच्याच डोळ्यांवरून बांधली आणि म्हणाले, “मला घट्ट धर. सोडू नको.”

सावड फिरून पुन्हा हौशीरामच्या रानात आली होती. शेवटचा कांदा पाट्यांनी वाहून बराखीत, कांदा साठवायच्या छपरात, टाकायचं चाललं होतं. आभाळ काळं झालं होतं. वारा सुटला होता. बायका पळत होत्या, कुणाला बोलायला सवड नव्हती. सरांनी बांधावरूनच हाक मारली. लंकाबाईच्या डोक्यावरची पाटी तिथंच कलंडली. पोरीच्या डोळ्यांवरची ओढणी बघून ती मटकन खाली बसली.

“लाल बाटली घातली न्हाई मी,” वैजू म्हणाली. “आये, मी खोटं बोलले. एक दिस बी घातली न्हाई.”

लंकाबाई उठली, पाय धुवायला हौदाकडं निघाली. दर खेपेला पोरीला पुण्याला तीच न्यायची. हौशीराम कधी गेला नव्हता. त्याला नेहमी त्याच दिवशी कसलं ना कसलं काम निघायचं. आज मात्र तो मधे आला.

“तू थांब,” तो म्हणाला. “तू गेलीस तर बाया बी जातील. माज्या शब्दावर त्या थांबायच्या न्हाईत. मी नेतो तिला.”

“तुमाला काय म्हायती तिथलं?”

“ईचारीन.”

साळूनानी पाटी घेऊन उभी होती. ती लंकाबाईकडं बघत म्हणाली, “जाऊ दे त्याला. कांदा झाकल्याबिगर आमी कुनी हलत न्हाई.” आणि बायकांवर ओरडली, “बघत काय बसलात? उचला!”

आळेफाट्यावर हौशीरामनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून एक जीप थांबवली. वैजूनं डोळे मिटून घेतले होते. उघडले की ठणका वाढायचा. तिनं त्याच्या खांद्यावर कपाळ दाबलं. त्याच्या सदऱ्याला कांद्याचा आणि घामाचा वास होता. नारायणगावच्या अलीकडं ती पुन्हा ओकली. त्यानं डोक्यावरची टोपी काढून तिच्या तोंडापुढं धरली. शेजारचा माणूस सरकून बसला.

“कुठं आलो दादा?” तिनं बापाला विचारलं.

“नारायनगाव गेलं.”

थोड्या वेळानं तो आपणहून म्हणाला, “कळंब आलं.” मग जीप थांबली ती थांबलीच. पुढं कांद्याच्या, बटाट्याच्या ट्रकांची रांग लागली होती, भोंगे वाजत होते. “मंचर हाय,” तो म्हणाला. “गर्दी हाय लई.”

“दादा, मी आंधळी व्हनार का?”

एक भोंगा वाजून गेला, दुसरा वाजला.

“मला नको ईचारू,” तो म्हणाला. “मला भ्या वाटतं.”

वैजूनं कपाळ उचललं. बाप असं काही बोलेल हे तिला ठाऊक नव्हतं.

“गेल्या वक्ताला तुला सुई मारली ना, तवा मी बटाटं घिऊन मंचरला गेलो म्हनून सांगितलं व्हतं. मंचरला न्हाई गेलो. पुन्याला आलो व्हतो. त्या दवाखान्याच्या फाटकापाशी बसलो. आतून कुनाचं तरी पोरगं वरडलं. ते तूच हायेस आसं वाटलं. तसाच उठून माघारी आलो.” त्यानं ओली टोपी खिडकीबाहेर झटकली आणि घडी करून मांडीवर ठेवली. “तुज्या आईला सांगू नको.”

“ती मी नसंल,” वैजू म्हणाली. “मी वरडले न्हाई तवा.”

“न्हाई वरडलीस?”

“न्हाई.”

त्यानं तिचं डोकं परत खांद्यावर दाबून धरलं. रांग हलली. त्याच्या छातीत धडधडत होतं ते तिला ऐकू येत होतं, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली. पण ती भीती आता एकटीची नव्हती.

दवाखान्यात गेल्या गेल्या तिला आडवी केली. शिरेतून बाटली लावली, गोळ्या दिल्या, डोळ्यात कसकसले थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्रापुढं हनुवटी टेकवून बसवलं आणि किरणांनी डोळ्याच्या आत भोक पाडलं. दर वेळी टिक् असा आवाज व्हायचा आणि डोळ्यात चटका बसल्यासारखं व्हायचं. हौशीराम शेवटपर्यंत तिच्या पाठीमागं उभा होता. त्याचा हात तिच्या पाठीवर होता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, तुम्ही जरा बसा. तुम्ही हललात की ती हलतेय.”

दुपारी त्या खाटेपाशी आल्या. त्यांनी बापाला सांगितलं, “डोळ्यातला रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटला होता. आतलं पाणी कोंडून दाब चढला. लाल टोपणाचं औषध टाकलं असतं तर चिकटला नसता.” मग त्या वैजूकडं वळल्या. आजवर त्या नेहमी आईशीच बोलत आल्या होत्या. “वैजयंती, तू का नाही टाकलंस?”

वैजू म्हणाली, “त्यानं वाचता येत नाही.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारता, दुखतंय का, दिसतंय का. तेवढंच विचारता.” मग सगळंच एकदम बाहेर पडायला लागलं. वर्गात तिला शेवटच्या बाकावर बसवतात, तिथून फळा दिसत नाही. पुढं बसली तर खिडकीतलं ऊन लागतं. पोरी तिच्या वह्या घेत नाहीत, लागेल म्हणतात. रोज सकाळी ती एकेक डोळा झाकून बघते, अन् वाचता येईपर्यंत तिला श्वास घेता येत नाही. सहल आली तर जायचं नाही, लग्नाला गेली तर सावलीत बसायचं, फोटोत खाली बघायचं. “आणि बरी असले तरी बरी नसते मी,” ती म्हणाली. “परत कधी येईल तेच बघत असते.”

खाटेच्या पायाशी हौशीराम खाली मान घालून बसला होता. डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. त्यांनी खोटा धीर दिला नाही. उजव्या डोळ्याची गेलेली नजर सगळी परत येणार नाही, निम्मी आली तरी पुष्कळ. डावा चांगला आहे, तो जपायचा. आठवड्याला एकदा घ्यायच्या गोळ्या सुरू करू, त्यांनी मळमळेल, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल. सूज येऊच नये म्हणून त्या. “आणि परीक्षेचं म्हणशील तर, मी दाखला देते. डोळ्यात औषध घालून ज्यांना वाचता येत नाही त्यांना लेखनिक मिळू शकतो. शाळेला अर्ज करायला सांग. वाचण्यासाठी औषध चुकवायचं नाही. औषध घालून परीक्षा द्यायची.”

गावात परतली तेव्हा आठवडा झाला होता. पावसानं शेवटच्या दोन वाफ्यांतला कांदा खाल्ला होता, बाकीचा बराखीत होता. लंकाबाईनं पोरीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाली, “मी मेडिकलातून औषध आनलं. मीच.” वैजू म्हणाली, “आन् मी मोरीत सोडलं.”

दर रविवारी गोळ्या आणि दर सोमवारी पोटात ढवळणं असा तो उन्हाळा गेला. पाऊसकाळही तसाच गेला. उजव्या डोळ्याला जग घासलेल्या काचेपलीकडचं दिसायचं. काळा चष्मा घालून ती रस्त्यानं गेली की पोरं “हिरॉईन, हिरॉईन” करायची. भीती गेली नव्हती. मार्चला बुडालेले पेपर ऑक्टोबरच्या परीक्षेत द्यायचे होते. तिला तीन आठवडे राहिले आणि एका सकाळी डाव्या डोळ्याला उजेड टोचला. डाव्या, चांगल्या.

ती चुलीपाशी गेली. लंकाबाई पीठ मळत होती.

“आये, डाव्याला आलंय.”

लंकाबाईनं पिठाचे हात तसेच वर धरले. “कवापासून?”

“आत्तापासून.”

तासाभरात दोघी फाट्यावर होत्या. लवकर आलीस म्हणून सुई लागणार नाही, असं पुण्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण दोन्ही थेंब दोन्ही डोळ्यांत, महिनाभर. वैजूनं विचारलं, “लाल पण?” त्या म्हणाल्या, “लाल पण.”

आता पुस्तक कोरं दिसायला लागलं. लंकाबाई रोज संध्याकाळी पुढं बसून धडे वाचून दाखवायची. चौथीपर्यंत शिकलेली ती, इंग्रजीला अडायची, तेव्हा सयाजी सर येऊन वाचायचे. लेखनिकाची परवानगी आली होती, पण लेखनिक मिळेना. खालच्या वर्गातली पोरगी पाहिजे होती, आणि सर तीन घरं फिरून आले. तीन तास वैजूच्या मांडीला मांडी लावून बसायचं म्हणून कुणी पोरगी द्यायला तयार नव्हतं. परीक्षेच्या चार दिवस आधी साळूनानी दारात आली. आठवीतल्या नातीला, समृद्धीला, तिनं दंडाला धरून पुढं ढकललं.

“ही घ्या. अक्षर बरं हाय हिचं.”

लंकाबाई म्हणाली, “नानी, ते लागत न्हाई. डॉक्टरनी लिवून दिलंय.”

“लागायचं आसंल तर लागंल, बघू,” साळूनानी म्हणाली. “सावडीला काय ईचारून बसतंय का मानूस?”

परीक्षेच्या खोलीत दोघींना वेगळं टेबल दिलं होतं. वैजूनं सकाळीच दोन्ही डोळ्यांत लाल औषध घातलं होतं. समोर खिडक्या होत्या, पण तिला नुसत्या उजेडाच्या चौकटी दिसत होत्या. पर्यवेक्षकाचे बूट ऐकू येत होते, चेहरा दिसत नव्हता. पंख्याची कटकट चालू होती. कागद वाटल्याचा आवाज जवळ येत गेला. डाव्याचंही उजव्यासारखंच झालं तर, हा विचार आला आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून निसटून गेलं.

“ताई,” समृद्धी कुजबुजली. “आली परश्नपत्रिका. इंग्रजी हाय. मला समदं वाचता येत न्हाई.”

“येतं तेवढं वाच. अडलं तर अक्षरं सांग.”

समृद्धी अडखळत वाचायला लागली. मधेच थांबून अक्षरं सांगायची, वैजू शब्द जुळवायची. पत्राच्या प्रश्नाशी आल्या. गावात डाक वेळेवर येत नाही म्हणून पोस्टमास्तरला तक्रारीचं पत्र लिहायचं होतं.

“हे यील तुला?” समृद्धीनं विचारलं.

वैजूनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. पर्यवेक्षकाचे बूट टेबलापाशी येऊन थांबले. तिनं ओठावरून जीभ फिरवली आणि पुन्हा तोंड उघडलं.

“येतं,” ती म्हणाली. “लिही. आधी उजव्या कोपऱ्यात पत्ता घाल. मु. पो. आळे, तालुका जुन्नर. इंग्रजीत. एक एक अक्षर सांगते.”

समृद्धीनं पेनाचं टोपण काढलं. “ताई, सावकाश सांग हं.”

“सावकाशच सांगते,” वैजू म्हणाली, आणि पहिलं अक्षर सांगितलं.